पेडलवरचा पाय

प्रिय किर्सी,

बटाटे लावून झाले, डास यंदा लवकर आले, आणि बाबांनी गाडीचे ब्रेक घरीच दुरुस्त केले. एवढंच सांगायचं असतं तर फोन केला असता. पण मी फोन उचलला की ते काहीतरी शोधत स्वयंपाकघरात येतात, आणि मग मी हवापाण्यावर बोलत बसते. आत्ता ते शेजारी ओस्मोकडे मासळीची जाळी नीट करायला गेलेत, तेवढ्यात लिहून टाकते.

बर्फ वितळल्यापासून ब्रेकवर पाय ठेवला की पेडल हळूहळू खाली बसायचं. बाहेर कुठे ऑइल गळत नव्हतं, तेव्हा पेडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर आतून गेलाय हे बाबांनी बसल्या जागी सांगितलं. गॅरेजमध्ये दे म्हटलं, तर मी त्यांचे दात परक्या माणसाला घासायला सांगितल्यासारखं माझ्याकडे बघितलं. मग काय, गाडी शेडमध्ये, रंगावर ऑइल सांडू नये म्हणून मडगार्डवर माझा चांगला टॉवेल. नवा सिलिंडर आधी टेबलावर पकडून, ऑइल भरून, बुडबुडे संपेपर्यंत दाबत बसले. मला फार बरं वाटलं बघून. हिवाळ्यापासून चष्मा हरवतो, किल्ल्या हरवतात, ओस्मोला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारतात. शेडमध्ये मात्र हात घालतील तिथे पाना सापडत होता. मी स्वतःलाच म्हटलं, उगाच घाबरतेस तू.

मग ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची. लग्नापासून हे काम आम्ही दोघं करतो. मी आत पेडलवर, ते चाकापाशी. ते "दाब" म्हणतात, मी दाबून "धरलं" म्हणते, ते चाकाजवळचं स्क्रूसारखं छोटं निपल सैल करतात, ऑइलबरोबर हवा निघते, आणि निपल आवळलं की "सोड". त्याआधी पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. या वेळी "दाब" आलं, मी "धरलं" म्हटलं, पेडल तळाला गेलं. "सोड" काही येईना. मी तशीच बसून राहिले. आपल्या घरात कोणी कोणाला काही विचारतं का? मांडी थरथरायला लागली तेव्हा मान वळवून पाहिलं. बाबा हातात पाना घेऊन शेडच्या दारात तळ्याकडे बघत उभे होते. मग माझ्या खिडकीशी आले, वाकले आणि अगदी मायेने म्हणाले, "राइली, अशी का बसलीयस? कुठे जायचंय का तुला?"

मी म्हटलं, ब्रेक करतोय ना आपण. त्यांचा चेहरा उतरला आणि लगेच रागाने लाल झाला. "माहितीये मला, तू काय शिकवतेस," म्हणाले आणि पुन्हा पहिल्या चाकापासून सुरुवात केली. या खेपेला एकही चूक नाही. पेडल असं घट्ट झालं की कॉफीला आलेल्या ओस्मोने दाबून बघितलं आणि म्हणाला, राइमो, माझं खटारंही तुझ्याच दारात आणून सोडतो बघ. दोघं खूप हसले. मी वेलदोड्याचे पाव वाढले.

संध्याकाळी आम्ही चक्कर मारायला निघालो. मोकळ्या रस्त्यावर त्यांनी मुद्दाम ब्रेक लावून दाखवले, गाडी जागच्या जागी थांबली. पोरासारखे खूश होते. चर्चपुढे मोठ्या रस्त्याला लागताना थांबायची पाटी आहे ना, तिथे ओंडके भरलेला ट्रक येत होता. मी किंचाळले. ट्रकवाल्याने गाडी कडेच्या गवतात घातली म्हणून वाचलो. ब्रेक उत्तम होते, किर्सी. त्यांनी दाबलेच नाहीत. पुढे थांबल्यावर ते रडले. तुझी आजी गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. "किर्सीला सांगू नकोस," म्हणाले, आणि मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ट्रकचा विषयच नाही. आठवत नव्हता की काढायचा नव्हता, मला कळलं नाही. उलट मलाच विचारतात, जूनमधल्या युहान्नुसच्या सणाला वेन्ला येणार ना, तिची बस कुह्मोला कधी पोचते, नातीला गाडीने आणायला मीच जाणार, म्हणतात.

म्हणून शब्द मोडून लिहितेय. वेन्लाला एकटीला बसने पाठवू नकोस, तू घेऊन ये, आणि सणाआधी ये. डॉक्टरांकडे मी त्यांना कशीही नेईन, पण गाडीचं माझ्याच्याने होणार नाही. किल्ल्या लपवल्या तर मी त्यांच्या लेखी चोर ठरेन, आणि याच घरात आम्हाला दोघांनाच राहायचंय. त्यापेक्षा तू त्यांच्याकडे ही गाडी माग. तुझी विजेवर चालणारी आहे, ताम्पेरेला दुसरी उभी करायला जागा नाही, आणि या गाडीला तू जन्मभर डबडं म्हणत आलीस, सगळं माहीत आहे मला. तरी माग. बाबा, मला हवीय, असं म्हण. म्हणजे ती त्यांच्याकडून कोणी काढून घेतली असं होणार नाही, त्यांनी लेकीला दिली असं होईल. आधी नाही म्हणतील. मग तुला शेडमध्ये नेऊन एकेक भाग समजावून सांगतील. मध्येच एखादं नाव अडलं तर चटकन सांगू नकोस, त्यांना शोधू दे.

वाट बघणारी, तुझीच
आई