उजवीकडे ओढणारी करवत

४ फेब्रुवारी

पुन्हा डावीकडे! रेघ सरळ आखलेली, सुरुवात बरोबर रेघेवर, आणि खाली पोचेपर्यंत काप डावीकडे घसरलेला. सकाळपासून खणाच्या फळ्या कापतोय म्हणायचं, प्रत्यक्षात सरपण तयार करतोय.

काम चष्मेवाल्याचं. त्याला दुकानात काचा ठेवायला कपाट हवंय — सगळे छोटे छोटे खण, आणि प्रत्येक खणाचे चारही कोपरे डव्हटेलने जोडलेले. म्हणजे एका फळीची बोटं दुसरीच्या बोटांत घट्ट अडकवायची, खिळा नाही, काही नाही. काप केसभर चुकला तरी फट राहते आणि ती फट जन्मभर दात काढून हसत बसते. मशीनवरचं नको, तुमच्या हातचं हवं, असं तो म्हणाला होता. तेव्हा मी केवढा फुगलो होतो.

दोष करवतीचा. नवी कोरी, पातं पत्र्यासारखं, मूठ प्लास्टिकची. तिच्याकडून आणखी काय होणार.

७ फेब्रुवारी

जुन्या बाजारात गेलो. भंगारवाला म्हणाला, दवाखाना काढलाय का, म्हाताऱ्या करवती सगळ्या तुम्हीच नेता. त्याला हसून दाखवलं. हसायचाही कंटाळा आला होता.

ढिगात बसून एकेक बघितली. पातं डोळ्यासमोर धरून टोकापर्यंत नजर टाकायची — पीळ असेल तर लगेच दिसतो, आणि पिळलेली करवत फुकट मिळाली तरी घ्यायची नाही. मग गंज. लाल गंज वरवरचा, घासला की जातो. काळे खड्डे दात्यांपर्यंत गेले असतील तर खाली ठेवायची, तिथे धार टिकत नाही. मग नखाने टिचकी. चांगलं पोलाद बराच वेळ गुणगुणतं. शेवटी मूठ हातात धरून बघायची.

एक मिळाली. पितळी पाठीची, बारीक दात्यांची, मूठ एका कानाला, म्हणजे वरच्या टोकाला, फुटलेली. पण टिचकीला असा आवाज दिला की ढिगातून उठवेना.

घरची जुनी करवत नाही असं नाही. कारखान्यात भिंतीवर वडिलांची, अण्णांची, टांगलेली आहे. पण ती उजवीकडे ओढते, ते सगळ्या कारखान्याला माहीत आहे. शेवटी शेवटी अण्णांना दाते नीट लावता येत नव्हते.

१० फेब्रुवारी

तीन दिवस तिच्यामागे. स्क्रू काढले, पातं रॉकेलमध्ये भिजवलं, लाकडी ठोकळ्याला काचकागद गुंडाळून घासलं. बनवणाऱ्याचं कोरीव नाव तेवढं सांभाळलं. ते पुसलं की करवत अनाथ झाल्यासारखी वाटते. मुठीचा फुटका कान सरसाने चिकटवला, वरचं काळं पॉलिश खरवडून जवसाचं तेल पाजलं. दात्यांच्या डोक्यांवरून आधी सपाट कानस, म्हणजे सगळे एका उंचीला येतात. मग तिकोनी कानशीने एकेका दात्याला धार.

मग कल. एक दाता डावीकडे झुकवायचा, पुढचा उजवीकडे, दोन्हीकडे सारखा. एका अंगाला कल जास्त पडला की करवत त्या अंगाला ओढते. हे अण्णांनीच शिकवलं. आम्ही दोघं भाऊ समोर बसलेलो आणि ते म्हणत, करवतीला स्वतःचं मत असता कामा नये.

माझी पाठ मोडून आली आहे. उद्या कापून बघेन.

११ फेब्रुवारी

डावीकडे!

१२ फेब्रुवारी

डाव्या अंगाच्या दात्यांवरून दगड फिरवला, तिकडचा कल थोडा कमी केला. तरी तेच. मग उजव्या अंगाला जास्त दिला, मग घाबरून परत सारखा केला. दिवस गेला.

कारखान्याच्या पलीकडच्या अर्ध्या भागात धाकट्या भावाची मशीनं, अलीकडे माझं कामाचं टेबल. नवं मशीन येणार आहे, डव्हटेल कापणारं. मी चहाला गेलो असताना त्याने माझ्या टेबलाच्या जागेला टेप लावला, हे मला परत आल्यावर फरशीवरच्या खडूच्या खुणांवरून कळलं. विचारलं, तर म्हणाला, दादा, तुझं टेबल कुठे जात नाही. आजारी माणसाला भेटायला आलेले लोक ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात.

हे कपाट हाताने झालं नाही तर टेबल जाणार. त्याने बोलून दाखवायची गरज नाही. हातकामाचं दुसरं गिऱ्हाईक वर्षभरात आलेलं नाही.

१५ फेब्रुवारी

आणखी एक करवत आणली. हिने विचारलं, घरात आता आपण बसायचं कुठे. मी निघताना तिने माझ्या सदऱ्याची वरची गुंडी लावून दिली. हल्ली रोजच लावते, मी झटापट करत बसतो ते तिला बघवत नसावं. अण्णांची गुंडीही आमची आई लावून द्यायची. म्हातारपणचे लाड म्हणून आम्ही दोघं भाऊ मागे उभे राहून हसायचो. आता माझेही लाड सुरू.

१८ फेब्रुवारी

नवी आणलेलीही डावीकडे.

एकदम लक्षात आलं — डोळे! रेघच नीट दिसत नसेल तर करवत बिचारी काय करेल! तडक चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने खुर्चीत बसवलं, अक्षरं वाचून घेतली, काचा बदलून बदलून पाहिल्या. डोळे ठणठणीत, आहे तोच नंबर चालेल म्हणाला. डोळे चांगले निघाले म्हणून तोंड पाडणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं असेल.

निघताना कपाटाचं विचारलं. होतंय, म्हणालो.

२० फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहायला नको वाटतंय.

धाकट्याला एक छोटी खुंटी कापायची होती. मशीन सुरू करण्याचा कंटाळा म्हणून त्याने माझ्या टेबलावरची पितळी पाठीची उचलली. बरीच वर्षं त्याने हाताने काही कापलेलं नाही. रेघ आखली, चार हात मारले. काप रेघेवरून असा गेला की रेघ अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मीही कधीकाळी तसाच कापायचो. त्याने तो तुकडा पाहिला. मग शेजारी पडलेला माझा पाहिला. मग माझ्याकडे न बघता करवत हळूच होती तिथे ठेवली आणि मशीन सुरू केलं.

ओरडला असता तर बरं झालं असतं.

२१ फेब्रुवारी

कारखान्यात गेलो नाही. सर्दी झाली म्हणून सांगितलं. हिने कपाळाला हात लावून पाहिला.

२३ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी हात समोर धरायला सांगितला. मी धरला, आणि बघत असताना मनगट आपोआप आत, डावीकडे वळलं. मी वळवलं नव्हतं. नस दबली आहे म्हणाल्या. बाकी कामं होतील, जड उचलू नका, पण मनगट आता पूर्वीसारखं सरळ राहणार नाही.

म्हणजे करवती सगळ्या चांगल्या होत्या. वाकडा मी.

बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिलो. फार थकलोय. राग यायलाही ताकद लागते, तेवढीसुद्धा उरलेली नाही.

२५ फेब्रुवारी

ठरलं. सोमवारी चष्मेवाल्याला सांगायचं, मशीनवरचं चालत असेल तर धाकटा करून देईल, नाहीतर दुसरीकडे बघा. धाकट्याला सांगायचं, टेबल हलव. हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, आईंना तुम्हीच सांगा, माझ्याच्याने होणार नाही.

कारखाना सोडण्याआधी एक काम करायचं आहे. अण्णांची करवत नीट करून घरी आणायची. नुसती भिंतीवर लावायला, पण नीट करून. आज खाली उतरवली. मूठ त्यांच्या हाताने काळी गुळगुळीत झालेली, पात्यावर गंजाचा पापुद्रा. कारखान्यात हिचं नाव ‘हट्टी’ होतं. नव्या माणसाने चुकून उचलली की काप थेट उजवीकडे जायचा आणि सगळे हसायचे. अण्णाही हसायचे. एकदा मी म्हटलं होतं, द्या इकडे, दात्यांचा कल सारखा करून देतो. त्यांनी माझ्या हातातून ती काढून घेतली. आम्हाला वाटलं, म्हातारपणचा अभिमान.

२७ फेब्रुवारी

गंज गेला. मुठीला तेल दिलं. धारही लावली, माझ्या मनगटाच्या जीवावर जमली तेवढी. पातं डोळ्यासमोर धरलं, तर उजव्या अंगाचे दाते स्पष्ट जास्त झुकलेले. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखे जास्त. म्हाताऱ्या हाताची चूक इतकी नीटनेटकी कशी, असा विचार आला आणि गेला. उद्या कल सारखा करायचा, की संपलं.

२८ फेब्रुवारी

कल काढण्याआधी एकदा चालवून पाहिली. सरळ गेली. दुसरी रेघ आखली. सरळ. धाकट्याला हाक मारून त्याच्या हातात दिली — त्याच्या हातात उजवीकडे. परत माझ्या हातात, सरळ.

चष्मेवाल्याचा पहिला खण जुळला. तो घेऊन घरी आलो, आईसमोर ठेवला, करवतही ठेवली. तिने खणाच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग माझी सुटलेली गुंडी लावून दिली आणि म्हणाली, “त्यांनी मला शपथ घातली होती, मनगटाचं पोरांना सांगू नको म्हणून. तुलाही आता हीच लागते का रे?”