सेनापतीच्या पाठीवरचा राजा

तीर्थरूप अर्जुनमामांच्या चरणी गोपालचा दंडवत. तुमचा गुडघा आता वाकू लागला असेल (नसेल तर पत्र उभ्याने वाचा, पण वाचा). मामींना नमस्कार.

यात्रेतल्या नाटकाचं तुम्ही विचारलं होतं. नाटक झालं. लेखक मी, राजाही मीच (दुसरं कुणी तयार नव्हतं, असं राणी झालेली आमची सौ. दीपमाला म्हणते). पण त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीची निवडणूक आली, आणि पडदा उघडायच्या आधी आचारसंहितेचे साहेब थेट स्टेजवर चढले. सिंहासन म्हणजे खुर्चीच, आणि खुर्ची ही नारायणरावांच्या पॅनलची निशाणी. उचला! स्टूल आणला, तर तो बेबीताईंच्या पॅनलचा. शेवटी आमचा सेनापती सागर बिचारा ओणवा झाला आणि मी त्याच्या पाठीवर राज्य सुरू केलं. माणूस ही कुणाचीच निशाणी नाही, त्यामुळे साहेबांची हरकत नव्हती.

हरकत बेबीताईंची निघाली. सागर त्यांचा सख्खा भाचा. पुढच्या रांगेतून त्या ओरडल्या, "आमच्या पोराले खुर्ची काऊन बनवलं रे?" नारायणराव खूश. "पाहा, ताईच माहा प्रचार करून राह्यल्या!" साहेबांनी बराच विचार करून निकाल दिला की समान संधी म्हणून दुसऱ्या अंकात राजाने नारायणरावांच्या मेहुण्यावर बसावं. मेहुणा अंगाने भरलेला. इतकं मऊ सिंहासन मिळाल्यावर मी दोन पानं विसरलो (कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दोन्हीकडचे लोक आपापल्या आसनाला शिट्ट्या मारत होते).

मग राजा मेला. मी खाली घरंगळलो, तर मेहुणा उठून निवडून आल्यासारखे हात जोडू लागला. दीपमालाचा विलाप सुरू व्हायचा होता. ती रडलीच नाही. स्टेजच्या कडेला येऊन म्हणाली, "माहा नवरा मेला इथं, अन् तुम्ही शिट्ट्या मारून राह्यले?"

शिट्टीवाल्यांनी तोंडातली बोटं काढली. मग तिने विलाप असा केला की बेबीताईंनी पदर डोळ्यांना लावला, नारायणराव मान खाली घालून बसले, आणि मी, मेलेला असूनही, रडलो.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
गोपाल

ता. क. कलावंताने राजकारणापासून लांब राहावं, हे माझं पक्कं मत झालं आहे.

ता. क. २. येत्या पंचायत समितीला दीपमाला उभी राहतेय. दोन्ही पॅनलचे लोक घरी येऊन गेले. तुमची पेटी पाठवा. प्रचाराची अकरा गाणी मी लिहून ठेवली आहेत.

ता. क. ३. मामाजी, मी दीपमाला. पेटी नक्की पाठवा. पण तुमच्या भाच्याले सांगा, गाणे लिहू नका म्हणा. मले निवडून याचं हाये.