पावभाजीआधीचा इटालियन

३ ऑक्टो., शनिवार

भाषणाची सुरुवात सापडली. 'पार्सिपनीतल्या मराठी मंडळींनो, ऑफिसात विनोद झाला की आपण उशिरा हसतो. आधी बाकीच्यांकडे बघतो, मग हसतो. इतकी वर्षं झाली, अजून तेच!' हॉलमध्ये लोक एकमेकांकडे बघतील. मग आणायचा माझा लाडका इटालियन नट. शिंप्याचा पोरगा, हडकुळा, मोठ्या कानांचा. उपाशीपोटी नाटक कंपन्यांमागे फिरला, मग सिनेमात गेला. लोकांनी डोक्यावर घेतलं, समीक्षकांनी विदूषक म्हणून हिणवलं. एकदा अमेरिकेत आला, तर इथल्यांनी त्याला मोडकं इंग्लिश बोलणारा वेटर केला. एकच सिनेमा. परत गेला.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात चाळीस मिनिटं मिळालीत. कमीच आहेत.

११ ऑक्टो., रविवार

कार्यक्रमाची व्यवस्था बघणाऱ्या सचिनचा फोन. "काका, डान्सचे ग्रुप वाढलेत. वीस मिनिटांत बसवा ना, प्लीज."

"एका माणसाचं आख्खं आयुष्य?"

"हायलाइट्स द्या."

हायलाइट्स! तो काय क्रिकेटची मॅच आहे?

१४ ऑक्टो., बुधवार

इराला भाषण ऐकवलं. लेक सोळा वर्षांची, नजर फोनवर. मग त्या नटाच्या सिनेमातला मेजवानीचा प्रसंग टीव्हीवर लावला. बेकार माणूस चुकून श्रीमंतांच्या पंगतीत बसलाय. कुठला काटा उचलायचा माहीत नाही. शेजाऱ्याचं बघून करतो, दर वेळी किंचित उशिरा. शब्द एक नाही. मी सांगत होतो, "हं, आता हात बघ त्याचा, इथे खरा वर्गसंघर्ष..."

"बाबा, यू आर एक्स्प्लेनिंग द जोक. कॅन यू जस्ट लेट हिम डू इट?"

उठून वर गेली. बायको, वैशाली, भांडी लावता लावता म्हणाली, "तिचं काय चुकलं?"

घरात सुद्धा श्रोते नाहीत.

२५ ऑक्टो., रविवार

सचिनशी फोनवर कडाक्याचं भांडण. वीसचे बारा केले त्याने. बारा! घसा पार बसला.

संध्याकाळी तोच प्रसंग लावून गुमान बघत होतो. इरा दूध-कॉर्नफ्लेक्सचा वाडगा घेऊन शेजारी बसली. खो खो हसली. टेबलावरचे सगळे हसतात आणि तो मागून हसतो, तिथे मात्र थांबली.

"ही चेक्स देअर फेसेस फर्स्ट." मग माझ्याकडे बघून, "बाबा, डू यू डू दॅट? ॲट वर्क?"

घसा बसलेला. नुसती होकाराची मान हलवली.

तिने प्रसंग पुन्हा पहिल्यापासून लावला.

६ नोव्हें., शुक्रवार

उद्या कार्यक्रम. आता बाराचे सात, तेही जेवणाच्या तोंडावर. "काका, पावभाजी गार होते, लोक चिडतात." प्रसंगच सहा मिनिटांचा. शिंप्याचं घर, समीक्षक, वेटरची भूमिका, सगळं कापलं. जीव तुटला. सुरुवातीची तीन वाक्यं तेवढी ठेवली. इरा म्हणते, पुढच्या रांगेत बसेन, पण तू मध्ये बोलायचं नाहीस.

बोलणार नाही. पण ही माणसं! ट्रेचं झाकण उघडलं की अर्धा हॉल प्लेट घेऊन उभा. त्याचा हात काट्यापाशी पोचायच्या आत.

सचिनला दुपारी मेसेज केला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. पुन्हा पाठवला:

'वेळ वाढवून मागत नाही. एवढंच कर. पडद्यावर तो टेबलावरून उठेपर्यंत पावभाजीची झाकणं उघडू देऊ नकोस.'