भाजलेला वाफा

टोरोंटो, २८ मे २००३

लाडक्या अमरीनला महरीनआपाची दुआ,

मी मजेत आहे, हे आधी अम्मीला वाचून दाखव. तिचा गुडघा कसा आहे?

आता तुझा प्रश्न. सगळ्यांची बाग म्हणजे काय? आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो, इथे परसू कुठलं? म्हणून मोहल्ल्याची एक मोकळी जागा आहे. तिथे प्रत्येकाला पडवीएवढा वाफा मिळतो. भाजी ज्याची त्याची, पण नळ, झारी, फावडं सगळ्यांचं.

पुढचं अम्मीला वाचू नकोस. गेल्या आठवड्यात मी वाफा भाजला. आपण भात पेरण्याआधी पालापाचोळा पसरून जमीन भाजतो ना, तसाच. धूर बघून शेजारच्या वाफ्यातल्या म्हातारीने बंब बोलावला. भाजल्याने तण मरतं, हे मला इंग्रजीत सांगताच आलं नाही. दुसऱ्या दिवशी अम्मीने दिलेलं माठाचं बी पेरलं, आणि संध्याकाळी बागेच्या कमिटीची चिठ्ठी आली. आगीवरून येत्या शनिवारी बैठक आहे, तोवर आत यायचं नाही.

तुझे दूल्हाभाई रात्री येतात. दिवसभर मी काय करू? चारदा कुंपणापर्यंत जाऊन येते. माठ उगवलाय, पण आठ दिवस पाऊस नाही. जीव थाऱ्यावर नाही बघ.

आज सकाळी गेले, तर माझा वाफा ओला. तीच म्हातारी नळाजवळ झारी ठेवत होती. हाक मारावी म्हटलं, पण तिचं नावच मी कधी विचारलं नव्हतं.

अम्मीला एवढंच वाच, माठ उगवला.

शनिवारपर्यंत कुंपणाबाहेर उभी असलेली,
तुझी आपा