पहाटे पाचची पट्टी

३ नोव्हेंबर, सोमवार

माहेरी, अप्पांच्या घरी स्मार्ट मीटर बसलं! कुणी सांगितलं नाही, माझ्या मोबाइलनेच सांगितलं. लग्नाआधी तिथलं वीजबिल मी भरायचे, तेव्हापासून नंबर माझाच लावलेला आहे. आता ॲपमध्ये तासातासाचा हिशेब दिसतो — कालचा आज. चोवीस निळ्या पट्ट्या, कमीजास्त उंचीच्या.

चार वर्षांत त्या घराची काही खबर नव्हती. मी जातीबाहेर लग्न केलं. "या दारात परत पाय ठिवायचा न्हाई" — हे अप्पांचे शेवटचे शब्द. आणि युसूफ वडगावचे किराणावाले वैजिनाथअप्पा एकदा बोललेला शब्द गिळत नाहीत. आईकडे स्वतःचा फोन नाही.

आज अख्खं घर माझ्या तळहातावर.

६ नोव्हेंबर

पहाटे पाचची पट्टी सगळ्यात उंच. ती आईची. बादलीत हीटर सोडते, अंघोळ करते, मग इष्टलिंगाची पूजा. सहाला पट्टी खाली — म्हणजे ती पूजेला बसली. ओल्या केसांना गुंडाळलेला टॉवेल, विभूतीचा वास — इथे आष्टीत, माझ्या ओट्यापाशी आला! सातला पुन्हा उंच, ती पाण्याची मोटार. अकराच्या पट्टीत शेंगदाण्याच्या चटणीचा मिक्सर असतो असं मी धरून चालते. अजिनाथ म्हणतो, मिक्सर त्यात कळत नसतो. नवऱ्यांना काय कळतं!

दुपारी एक ते चार नुसता फ्रिज. घर झोपलंय. तेव्हा मीही जरा आडवी होते.

९ नोव्हेंबर

राहवलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदा शेजारच्या विमलमावशीला फोन केला. म्हटलं, नव्या मीटरवर नऊ ते पाच वीज स्वस्त पडते, मोटार सकाळी सातला लावू नका, दिवसा लावा, एवढं आईला सांग. मी सगळ्या पट्ट्या बघते हेही बोलून बसले. माझं नाव मात्र काढू नको म्हटलं. मावशी बरं म्हणाली. तिच्या पोटात काही राहत नाही, पण दुसरं कुणाला सांगणार होते?

११ नोव्हेंबर

सातची पट्टी गेली. दहाला आली!

१५ नोव्हेंबर

मोटार आता रोज दहाला. मीही कपड्यांचं मशीन दहालाच लावते. तिकडे टाकी भरत असते, इकडे कपडे फिरत असतात, आणि वाटतं आम्ही दोघी एकाच अंगणात कामाला लागलोय. मी मोरीत, ती हौदापाशी. मध्येच ती काहीतरी विचारते आणि मी मोठ्याने उत्तर देते. आज खरंच दिलं. अजिनाथने दारातून डोकावून बघितलं.

खुळेपणा आहे. असू दे. मला आईची फार आठवण येते.

२० नोव्हेंबर

पाचची पट्टी नाही.

२२ नोव्हेंबर

तिसरा दिवस. वीज गेली म्हणावं, तर फ्रिज आहे, मोटार आहे. फक्त आईची पट्टी नाही. एवढ्या थंडीत ती गार पाणी अंगावर घेणार नाही. अंघोळीवाचून पूजा नाही, आणि पूजेवाचून ती पाण्याचा घोट घेत नाही. म्हणजे ती अंथरुणातून उठतच नाही. दुसरं काय समजायचं?

विमलमावशीला विचारलं. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "म्या काय सांगू माय. तूच येऊन बघ की."

अजिनाथ म्हणाला, जा. अप्पांचा शब्द अप्पांपाशी. हाकललं तर दारातून बघून परत येईन. पण बघणार. उद्या पहिली एसटी.

२३ नोव्हेंबर, युसूफ वडगाव

दार आईनेच उघडलं. ठणठणीत! हाताला धुराचा वास. मला धरून रडली, मग म्हणाली, "तुज्या अप्पांनी हीटर काढून माळ्यावर ठिवलाय. पाच दिस झाले, चुलीवर पानी तापवते. कावून म्हनून इचारलं तर बोलत न्हाईत. तुज्या पट्ट्यांचं विमलनं सांगितल्यापासून असंच गप गप हायेत."

अप्पा दुकानातून आत आले. माझ्याकडे बघितलं नाही. स्टूल घेतलं, माळ्यावरचा हीटर काढला, धूळ पुसली आणि आईच्या हातात दिला.

"घे. आता लाव."