वरच्या रानासाठी टायर

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा बसलं! मागचं डावं चाक. वेशीपासून घरापर्यंत फडफडत आले. पोरं हसत होती.

टायरला नक्षी म्हणून उरलेलीच नाही. पार टक्कल. बाभळीचा काटा लागला की आरपार. पंक्चरवाला तौसीफ म्हणाला, "भाभी, आता ठिगळाला बी जागा न्हाई. चारी बदला."

दिवाळीच्या आधीपासून हेच चाललंय. वरच्या रानात तूर फुलावर आली असेल, अळी पडली की नाही कोण बघणार? मळणीयंत्रात उजवा पाय गेला, तेव्हापासून ही एटीव्हीच, चार जाड चाकांची उघडी गाडी, माझे पाय. अंगठ्यानं पळते, हातानं थांबते. नकली पाय घालून दगडगोट्यांतून चढण चढायची म्हणजे जखमच.

५ नोव्हेंबर, बुधवार

जेवताना टायरचं काढलं. मोठे भाऊजी आलेलेच होते. भगवानराव — गावाचे पुढारी, आमच्या घराचेही.

"कशाला पाहिजेत टायर? वरची तूर मी बघतो की. तुमी आराम करा."

आराम! मागच्या बाजूनं सासूबाई — "बाईच्या जातीनं ते भूत पळवायचं म्हंजी... तुळजाबाईची सून म्हणून लोकं मलाच बोलत्यात."

आणि आमचे हरिओम? ताटात बघत होते. भावासमोर या माणसाला ताटातली आमटी लई इंटरेस्टिंग वाटते. किळस आली. ताट सारलं.

९ नोव्हेंबर, रविवार

बीडला गेलो. हरिओमना ओढूनच नेलं.

दुकानदार माझ्याकडं बघेचना. मी विचारतेय, उत्तर ह्यांना. "साहेब, किती पल्ला चालते गाडी?" साहेबांना गाडी सुरू करता येत नाही! मग माझ्या पायाकडं बघून — "मॅडमला उगंच त्रास. खुर्ची द्या रे."

टायर काढले. काळेभोर, चकचकीत. बोट फिरवलं तर बोटच काळं झालं. पॉलिश! खाली बारीक बारीक भेगा. मी बाजूचे आकडे वाचले. शेवटचे चार म्हणजे बनवल्याची तारीख — बाविसावा आठवडा, सन अठरा. सात वर्षं पडून राहिलेलं रबर.

मी म्हणाले, "टायर काय लोणचं हाय का मुरवत ठेवायला?"

तो हसला. "मॅडम, रबर हाय. खराब होत न्हाई."

आणि हरिओम — "घेऊ की. स्वस्तात देतायत." मी उठून बाहेर आले.

१० नोव्हेंबर

बोटाचा काळा डाग साबणानंही जाईना.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तौसीफनं कुठूनतरी चार टायर आणून दाखवले. हातभर लांब दात! त्याला वाटलं मी खूश होईन. हे चिखलाचे. आमच्याकडं चिखल असतो चार दिवस, बाकी वर्षभर दगड. दगडावर हे दात तुटणार आणि माझं कंबरडंही. नको म्हणाले तर फुगला. "मग कशाला आणायला लावले?" मी कुठं लावले होते! दुपार त्यातच गेली. सगळेच मला शहाणपणा शिकवायला टपलेले.

शेवटी पुण्याच्या एका दुकानात फोन लावला. पलीकडं बाई होती. तिनं पहिलंच विचारलं, "जमीन कसली आहे?" कुणीतरी नीट प्रश्न विचारला! सांगितलं — मुरूम, दगड, काटे. ती म्हणाली, दात आखूड आणि जवळजवळ, बाजूची भिंत जाड, सहा पदरी घ्या, काटा आत जात नाही. पुढचे अरुंद, मागचे रुंद. परदेशी नको, दुप्पट पैसे जातील. अगदी स्वस्तही नको, वर्षात परत याल. मी म्हटलं, तारखेचा फोटो आधी पाठवा. तिनं लगेच पाठवला. याच वर्षाचे. लिंबाचे पैसे होते, त्यातून भरले. कुणाला विचारलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

टायर आले! वास नव्या रबराचा, पॉलिशचा नाही.

तौसीफकडं गेले तर तो घुटमळत होता. मग म्हणाला, "भाभी, भगवानरावांचा फोन आलता. दोन-चार दिवस थांब म्हणले. बसवू का नको?"

कावून? टायर माझे, गाडी माझी. भाऊजींच्या पोटात का दुखावं?

"बसव," मी म्हणाले. बसवले त्यानं. हवा कमीच ठेवली, म्हणजे दगडावर टायर दबून धरतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वर गेले. गाडी अशी चढली की ओरडावंसं वाटलं. एक दगड सरकला नाही, एक काटा घुसला नाही.

आणि वर गेले तर रानाच्या कडेचं मुरमाचं टेकाड नाही!

टेकाडच नाही. तिथं खड्डा. दोन विहिरी बसतील एवढा. जेसीबीच्या दातांचे ओरखडे, टिपरच्या चाकोऱ्या थेट तुरीतून. निम्मी तूर चिरडलेली. मुरूम विकलाय. आमच्याच रानातला. गाडीवरच बसून राहिले.

घरी येऊन हरिओमना विचारलं. खाली बघत म्हणाले, "ठाऊक होतं मला. दादा म्हणले, नंतर भरून देतो. तुला कळलं असतं तर तू गोंधळ घातला असता."

म्हणून टायर नकोत! म्हणून आराम करा! आणि ह्या माणसाच्या शेजारी मी रोज झोपते. अंगावर पाल पडल्यासारखं झालं. अंथरूण बाहेरच्या सोप्यात टाकलं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं त्यांनी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी तक्रार द्यायला तहसीलला निघाले, एकटीच. गाडी सुरू केली तर सासूबाई ओट्यावरून उतरल्या, पदर खोचला आणि माझ्या मागं येऊन बसल्या. "सात-बारा माझ्या नावानं हाय. अंगठा माझाच लागंल."

मी म्हणाले, "आई, तक्रारीत मोठ्या भाऊजींचं नाव लिहावं लागंल."

"मग लिव्ह की. मीच ठिवलंय ते."