गाढवाचा दगड

अण्णा, तुम्ही दादाला रविवारी होडीतून न्यायचात आणि मला घरी ठेवायचात, त्याबद्दल आज लिहायला बसले आहे. मी आता तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मोठी आहे, तरी ते डोक्यातून जात नाही.

देश स्वतंत्र होऊन एक-दोन वर्षं झाली होती. आपण कल्याणला होतो. दादा, माझा आतेभाऊ, कॉलेजसाठी आपल्याकडे राहायला आला आणि शाळेत शिकवून आल्यावर तुम्ही त्याच्याशीच बोलू लागलात. जुनं बंदर कुठे होतं, गलबतं कुठवर येत, माल घाटाकडे कोणत्या वाटेने जाई. ते सगळं मला तोंडपाठ होतं, पण मला कोणी विचारत नव्हतं. रविवारी भरती बघून तुम्ही दोघं खाडीकाठच्या गावांत दगडांवर कोरलेले जुने लेख शोधायला निघायचात. काजळाची शाई मी खलायची. भाकऱ्या मी बांधायची. एकदा धीर करून म्हटलं, "अण्णा, मी येऊ?" तुम्ही चपला घालत होतात. "चिखल असतो. तुला नाही झेपायचं." दादा म्हणाला, "आणि मामांना भाकरी कोण बांधून देणार गं?" आई हसली. मीही हसले.

एका संध्याकाळी तुम्ही असाच एका लेखाचा ठसा घेऊन आलात. ओला कागद दगडावर ठोकून बसवायचा, वरून शाईचा बोळा फिरवायचा, की अक्षरं पांढरी उठतात. तो कागद तुम्ही स्वयंपाकघरातल्या दोरीवर वाळत घातलात. वर चंद्र-सूर्य, मध्ये ओळी, आणि खालचा भाग कापलेला. त्या दिवशी मी विचारलं, "खाली काय असतं?" तुम्ही म्हणालात, "काही नाही." दादाने तोंडावर हात धरला, पण तो हसला ते मला दिसलं. तुमचं दोघांचं काहीतरी होतं, आणि ते माझ्यापासून लपवलेलं होतं.

सकाळी बंब मी पेटवायची. तो कागद मी बंबात घातला. शाई माझीच होती, छान पेटली.

वाळलेला ठसा वहीत ठेवणं दादाचं काम. तुम्ही विचारल्यावर तो गोंधळला. "ठेवायचा विसरलो मामा, रद्दीत गेला असेल." तुम्ही ओरडला नाहीत. एवढंच म्हणालात, "तुझ्यावर सोपवलं होतं." पुढच्या रविवारी पुन्हा ठसा घ्यायला तुम्ही एकटेच गेलात, तर मिठागराचा बांध घालताना तो दगड फोडून आत घातलेला. तुमच्या वहीत त्या पानावर लिहिलं आहे, "शेवटच्या दोन ओळी वाचायच्या राहिल्या." दिवाळीनंतर दादा ठाण्याला खोली घेऊन राहू लागला. मला वाटलं, आता माझी पाळी. तुम्ही होडीच सोडलीत. दादा म्हातारा होऊन गेला, अखेरपर्यंत म्हणायचा, "माझ्या हातून मामांचा ठसा गेला." मी त्याला चहा द्यायची.

गेल्या महिन्यात नातू मला तसाच एक दगड दाखवायला घेऊन गेला. माहिती सांगणारी मुलगी विशीची असेल. खालच्या भागात गाढव आणि बाई कोरलेली आहे. काय चाललं आहे ते मी लिहीत नाही. ती मुलगी मात्र न लाजता म्हणाली, "आजी, ही शिवी आहे. दिलेली जमीन जो हिसकावेल त्याच्या आईला." तेव्हा मला कळलं, तुम्ही चिखलाचं का सांगत होतात. मुलीपुढे तुम्हाला तो दगड नको होता.

कळलं, पण बरं वाटलं नाही. दादाचा हेवा सुटला म्हणावं, तर तिथल्या तिथे त्या मुलीचा वाटू लागला. ती अक्षरांवरून बोट फिरवत वाचत होती आणि कोणी तिला मागे हो म्हणत नव्हतं. माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, हात लावून बघायचाय?" मी म्हटलं, "नको गं, बघितलं ना."

खरं तर लावायचा होता, अण्णा. तेवढ्यासाठीच गेले होते.